खळाळत्या पाण्याचं देणं

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

सांगलीकरांसमोर पाण्यावर बोलायला उभं राहताना मनात धाकधूक आहे. इथल्या कितीतरी जणांनी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत हातपाय मारायला सुरुवात केली असेल. होड्यांच्या शर्यती बघत तर आपण सगळेच मोठे झालो. मीही तसाच. पण गेली काही वर्षं मला वेड लागलंय ते कयाकचं. एकट्यानं बसायची अरुंद होडी, पाय आत, कमरेभोवती पाणी आत येऊ न देणारं घट्ट कापड आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं.

आपली कृष्णा इथं संथ वाहते. खळाळतं पाणी हवं तर मी कोलाडला जातो, कुंडलिकेवर. तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा एक गोष्ट कळली आणि फार आनंद झाला. मुळशी धरण मुळा नदीवर आहे. मुळेचं पाणी पुढं भीमेत जातं आणि भीमा कृष्णेला मिळते. पण धरणात अडवलेलं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येतं आणि कुंडलिकेतून कोकणात जातं. म्हणजे कोलाडला ज्या लाटांवर मी नाचतो, ते पाणी जन्मानं आपल्याच खोऱ्यातलं! वीजनिर्मितीनंतर ते सोडतात तेव्हा सुमारे बारा किलोमीटरचा पट्टा खेळायला मिळतो.

या खेळानं मला पाणी वाचायला शिकवलं. प्रवाहात इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसला आणि त्याचं टोक खालच्या दिशेला असलं, तर तिथून वाट आहे. टोक वरच्या दिशेला असलं, तर पाण्याखाली खडक आहे. मोठ्या खडकाच्या मागं पाणी उलटं, वरच्या दिशेला वळतं. त्या आडोशाला होडी घुसवली की घटकाभर विसावा मिळतो. होडी उलटली तर घाबरून डोकं आधी वर काढायचं नाही. आधी कमरेचा झटका, होडी सरळ, आणि डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर. हे अंगात मुरायला मला दोन पावसाळे लागले. नाकात पाणी, कानात पाणी, आणि बुडतोय असं वाटत असताना डोकं खालीच ठेवायचं. शरीर ऐकतच नाही हो! पण ज्या दिवशी ऐकलं, त्या दिवशी मी किनाऱ्यावर बसून रडलो.

आता जे सांगतो ते नीट ऐका. आपल्याकडं नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, बरगे घालून पाणी अडवतात ते. त्यावरून पाणी पडतं तेव्हा पायथ्याशी ते खाली जातं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडंच येतं. त्यात सापडलेला माणूस फिरत राहतो. फेसात हवा भरलेली, त्यामुळं अंग तरंगत नाही. माझा चुलतभाऊ अशाच बंधाऱ्याखाली गेला. गावातला सगळ्यात पट्टीचा पोहणारा होता तो. 'एवढा पोहणारा कसा बुडाला?' हा प्रश्न घरात वर्षानुवर्षं होता. त्याचं उत्तर मला कोलाडच्या पाण्यात, होडी शिकताना मिळालं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. तिथं दंडातली ताकद कामाची नाही.

आणि २०१९ तुम्ही विसरला नाहीत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला होडी उलटली. बायामाणसं गेली, लेकरू गेलं. त्या आठवड्यात किती गावांत लोकांनी गुळाच्या काहिलीत बसून माणसं बाहेर काढली! मी मोठ्या मापाची चार लाईफ जॅकेटं घेऊन एका गावात गेलो होतो. एका आईनं त्यातलं एक आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घातलं. मुलीला उचललं तर जॅकेट डोक्यावरून निघून हातात आलं. लहान मापाचं, पायांमधून पट्टा घेऊन बांधायचं जॅकेट तिथं एकही नव्हतं.

तिथून गावांना जॅकेटं आणि दोऱ्या द्यायचं हे काम सुरू झालं. अमेरिकेत ब्रॅड लडेन या कयाकपटूनं २००१ साली 'फर्स्ट डिसेंट्स' ही संस्था काढली आणि कर्करोगाशी झगडणाऱ्या तरुणांना तो कयाक शिकवायला नेऊ लागला. आपला छंद दुसऱ्याच्या कामी येऊ शकतो, हे मला तिथं दिसलं. मी ओळखीच्यांना म्हणालो, या पावसाळ्यात कुंडलिकेच्या दहा फेऱ्या करतो, म्हणजे अंदाजे १२० किलोमीटर. किलोमीटरला दहा रुपये द्या. माणशी बाराशे झाले. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांनी रोखठोक विचारलं, "होडी तू चालवणार, मजा तू करणार, पैसे मी का द्यायचे?" प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणालो, "काका, माझं पेट्रोल, होडीचं भाडं, जेवण, सगळं माझ्या खिशातून. तुमच्या रुपयातला पैसाही त्यात जाणार नाही. जॅकेटं आणि दोऱ्या घेऊ, पावत्या देवळाच्या भिंतीवर लावू." त्यांनी तीन वर्षं पैसे दिले आणि दरवर्षी भिंतीवरच्या पावत्या स्वतः वाचल्या. पैसे मागणाऱ्यानं एवढं तरी केलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

नुसती वस्तू देऊन भागत नाही. थ्रो बॅग म्हणजे पिशवीत भरलेली, तरंगणारी पंधरा-वीस मीटर दोरी. दोरीचं टोक हातात धरायचं, बुडणाऱ्याला आधी मोठ्यानं हाक मारायची, त्यानं बघितलं की पिशवी त्याच्या पलीकडं टाकायची, म्हणजे दोरी त्याच्या अंगावर पडते. दोरी हाताला गुंडाळायची नाही, त्यानंही नाही आणि तुम्हीही नाही. बुडणाऱ्यासाठी उडी मारणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. माझ्या चुलतभावामागं आणखी दोघांनी उडी मारली होती. ते वाचले, पण थोडक्यात.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता हरिपूरला, कृष्णा-वारणा संगमाच्या घाटावर आम्ही दोऱ्या घेऊन येतोय. या वर्षीची लहान मापाची जॅकेटंही आली आहेत. ती मुलांच्या अंगाला घालून, पट्टे ओढून बघायची आहेत. तुमची पोरं-नातवंडं घेऊन या.