उरीयाच्या हातातलं पत्र

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

पापाचं वेतन मरण आहे, हे प्रेषित पौलाचं वाक्य आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण हे वेतन पाप करणाऱ्याच्याच हाती पडतं असं नाही. ते पुष्कळदा भलत्याच्याच हाती पडतं. एवढं ध्यानात ठेवा आणि बायबलातल्या इस्राएलाच्या दावीद राजाची गोष्ट ऐका.

वसंताचे दिवस. सैन्य अम्मोन्यांच्या राब्बा नगराला वेढा घालून बसलंय, राजा मात्र यरुशलेमेत. संध्याकाळी गच्चीवरून त्याला बथशेबा स्नान करताना दिसते. कोण ही? उरीया हित्तीची बायको. म्हणजे आपल्याच शिपायाची. हे कळल्यावरही तो माणसं पाठवून तिला आणवतो. उपदेशकांनी बथशेबेला दोष देणं आता थांबवावं. राजाची माणसं दारात उभी राहिल्यावर ती काय नाही म्हणणार होती?

तिला दिवस राहतात. मग झाकाझाक सुरू होते. दावीद उरीयाला रणातून बोलावतो, लढाईची खबर विचारतो आणि म्हणतो, घरी जा, पाय धू. तो बायकोजवळ राहिला, तर मूल त्याचंच ठरेल हा डाव. उरीया जात नाही. राजवाड्याच्या दारापाशी चाकरांबरोबर झोपतो. म्हणतो, देवाचा कोश, म्हणजे दहा आज्ञांची पवित्र पेटी, आणि सैन्य राहुट्यांत, सेनापती उघड्या मैदानात, आणि मी घरी जाऊन खाऊपिऊ? दुसऱ्या दिवशी राजा त्याला दारू पाजतो. झिंगला तरी तो घरी जात नाही.

मग दावीद सेनापती यवाबाला पत्र लिहितो : उरीयाला तुंबळ लढाईच्या तोंडी ठेवा आणि मागे सरा, म्हणजे तो मरेल. हे पत्र कोणाच्या हाती देतो? उरीयाच्याच! स्वतःच्या मरणाचा हुकूम त्यानं इमानानं पोचवला. तो पडला, आणि त्याच्याबरोबर दुसरेही शिपाई पडले. त्यांची नावंसुद्धा शास्त्रात नाहीत. त्यांनी काय केलं होतं? पुन्हा सांगतो, वेतन भलत्याच्या हाती पडलं.

रविवारच्या शाळेत दावीदानं धिप्पाड गल्याथाला मारल्याची गोष्ट वर्षानुवर्षं होते, ही मोठ्यांनाही कोणी नीट सांगत नाही. नगरकडे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन केलं. तशा कीर्तनात ही तासभर रंगावी.

असो. नाथान संदेष्टा येतो, श्रीमंतानं गरिबाची एकुलती मेंढी हिसकावल्याची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, तो माणूस तूच. राजा पाप कबूल करतो. देव क्षमाही करतो. पण घराचं काय झालं? बाळ दगावलं. दावीदाच्या थोरल्या मुलानं, अम्नोनानं सावत्र बहिणीवर, तामारेवर बलात्कार केला. दावीद संतापला, पण केलं काहीच नाही. कोणत्या तोंडानं करणार? पापाचा हाच परिणाम मला सगळ्यांत भयंकर वाटतो : मुलांना आवरायची वेळ येते तेव्हा बापाच्या तोंडून शब्द फुटत नाही. पुढे तामारेच्या सख्ख्या भावानं, अबशालोमानं अम्नोनाला मारवलं आणि बापावरच उठाव केला. त्याला जाऊन मिळाला दावीदाचा मंत्री अहीथोफेल. बथशेबा अलीयामाची मुलगी, आणि दावीदाच्या वीरांच्या यादीत अलीयाम हा अहीथोफेलाचा मुलगा. हे दोन्ही अलीयाम एकच असतील, तर अहीथोफेल तिचा आजोबा. मग तो का उलटला, हे वेगळं सांगायला नको.

पश्चात्तापाचं एकावन्नावं स्तोत्र आपण दावीदाबरोबर म्हणतो, जरूर म्हणा. फादरांकडे जा, पाळकांकडे जा. पण ज्याचं नुकसान केलंत त्याच्याकडेही जा. यरीहोच्या जक्कय जकातदारानं ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. उरीयाला परत द्यायला दावीदाकडे काही उरलं नव्हतं. तुमचा माणूस अजून हयात असेल, तर याच आठवड्यात त्याच्या घरी जा.