मेथीच्या पानातलं पाणी

(दृश्य: वाशी, सकाळ. फुटपाथवर गोणपाट, मेथीच्या जुड्या.)

एपीएमसीतून पहाटे उचललेली मेथी. मावशी जुड्या रचतात आणि तांब्यातलं पाणी हातानं शिंपडतात. भाजी लगेच टवटवीत दिसायला लागते. गिऱ्हाईकही मुरलेलं. पान चिमटीत धरून बघतं: करकरीत लागलं तर आजची, लिबलिबीत लागलं तर कालची.

बोटांना कळतं ते आकड्यात कसं मांडायचं?

जुनी रीत साधी आहे. पान तोला, ओव्हनमध्ये वाळवा, परत तोला. घटलं ते पाणी. पण यात पानच खलास! तेच पान दुपारपर्यंत किती सुकलं, हे बघायला ते उरतच नाही.

तेराहर्ट्झ किरणांनी मोजलं तर पान उरतं. हे किरण सूक्ष्मलहरी आणि अवरक्त यांच्या मधले. 1 तेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला लाख कोटी कंपनं; त्याची तरंगलांबी 0.3 मिलिमीटर. कागद, प्लास्टिक, कोरडं कापड यांतून ते सहज पार होतात, पण पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही. पाण्याचे रेणू सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात एकमेकांचा हात धरतात, सोडतात. या किरणांची कंपनंही त्याच वेगाची, म्हणून पाणी त्यांना गिळून टाकतं. कागदाच्या जाडीएवढ्या, म्हणजे 0.1 मिलिमीटर पाण्यातून 1 तेराहर्ट्झचा जेमतेम दहावा हिस्सा बाहेर पडतो. किरण किती क्षीण झाला आणि किती उशिरा पोचला, यावरून पाण्याचा हिशेब लागतो.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये बिनबिन हू आणि मार्टिन नस यांनी 1995 साली एकाच पानाची अशी चित्रं दाखवली: एक ताजं असताना, दुसरं 48 तासांनी.

माणसाच्या शरीरात मात्र हे किरण आरपार जात नाहीत. तिथलं पाणी मोजायचं तर त्वचेवरून किंवा डोळ्याच्या पारपटलावरून (पुढच्या पारदर्शक पडद्यावरून) परत फिरलेला किरणच वाचावा लागतो.

(दृश्य: पाऊस. धुरकट काच.)

आणि आपल्याकडचा जुलै! हवेतली वाफही हे किरण खाते; 0.557 तेराहर्ट्झला तर किरणांच्या आलेखात ठळक खड्डाच पडतो. म्हणून किरणाची वाट बंद पेटीत ठेवून आत कोरडा नायट्रोजन सोडतात.

(दृश्य: पुन्हा फुटपाथ.)

मावशींच्या शिंपडण्यानं यंत्रही फसतं. पानावरचं पाणी कुठलं, पानातलं कुठलं, किरणाला काय ठाऊक? त्यामुळे मोजण्याआधी पान टिपकागदानं टिपून घ्यावं लागतं.

इथे गिऱ्हाईक जुडी दोनदा झटकतं. मावशी दुसरीकडे बघतात.