तीन घरं उजवीकडे, दोन घरं वर

ग्राफ पेपरवर एक ट्रेसिंग पेपर. त्यावर निळ्या शाईने काढलेला आलेख: एक भागिले क्ष. त्याचे दोन तुकडे आहेत, एक उजवीकडे वर, दुसरा डावीकडे खाली. दोन्ही अक्षांच्या जवळ जवळ जातात, टेकत मात्र कधीच नाहीत.

याच्या सीमा, म्हणजे लिमिट, रेघ ज्या उंचीच्या जवळ जवळ जात राहते ती, नुसत्या बघूनही सांगता येतात. क्ष वाढत गेला की उंची शून्याकडे जाते. उजवीकडून शून्याजवळ आलात तर रेघ वर सुटते, डावीकडून आलात तर खाली कोसळते.

आता ही बोटं बघा. कागद सरकतोय. एक, दोन, तीन घरं उजवीकडे... आणि दोन घरं वर.

शाई तीच, रेघ तीच. समीकरण मात्र आता असं दिसतं: (२क्ष − ५) भागिले (क्ष − ३). वहीत हे एकदम समोर आलं की भलेभले बिचकतात. भागाकार करून बघा. भाग जातो २ चा, बाकी उरते १. म्हणजे २ अधिक, १ भागिले (क्ष − ३). तो २ म्हणजेच वर सरकलेली दोन घरं.

पण उणे तीन असताना कागद उजवीकडे का गेला? हा प्रश्न पडतोच, आणि पडायलाच हवा. छेद शून्य कुठे होतो ते शोधा. आधी क्ष शून्य असताना व्हायचा, आता तीन असताना होतो. शून्यापाशी जे जे घडत होतं, ते सगळं तीनपाशी राहायला आलं. दूरवरची सीमा शून्याची दोन झाली. तीनपाशी एक बाजू वर, एक खाली, म्हणून तिथे सीमाच नाही.

फ्रेंच गणिती कोशीने १८२१ साली सीमेची व्याख्या शब्दांत मांडली, पुढे जर्मन गणिती वायरश्ट्रासने ती असमानतांमध्ये घट्ट बांधली. ती शिकायचीच आहे. पण त्याआधी प्रत्येकाच्या हाताने हा कागद एकदा तरी सरकायला हवा. सातत्य, विकलन, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

हा दुसरा कागद. साइन क्ष भागिले क्ष. शून्यावर किंमत नाही, पण रेघ दोन्ही बाजूंनी १ या उंचीकडे येते, म्हणून तिथे हे पोकळ वर्तुळ. क्षच्या जागी ३क्ष लिहिलं की लाटा दोन्हीकडून दाबल्या जातात, एक तृतीयांश रुंदीच्या होतात. वर्तुळ उभ्या अक्षावरच आहे, ते हलत नाही. आता सगळ्याला तीनने गुणू, म्हणजे साइन ३क्ष भागिले क्ष.

लाटा उंच होतायत. वर्तुळ वर चढतंय... दोन... आणि तीन.