हट्टी गिऱ्हाइकांचे शहर

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

ज्यांची हयात दादर-गिरगावात गेली, त्यांच्यासमोर परभणीहून अलीकडेच आलेल्या माणसाने मुंबईच्या खाण्याविषयी आणि इथल्या वल्लींविषयी बोलावे, ही कल्पना संयोजकांची आहे. तिचे श्रेय किंवा दोष त्यांनाच द्यावा. आमच्याकडे गावातला विक्षिप्त माणूस कोणाचा तरी मामा असतो आणि त्याचे विक्षिप्तपण ‘त्यांच्यात सगळे असेच’ म्हणून घराण्याच्या खात्यावर जमा होते. मुंबईत दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तिथे घरात लहर चालवायला जागाच उरत नाही. म्हणून इथला माणूस आपली लहर घेऊन जिथे खायला मिळते तिथे जातो आणि चहाच्या पैशांत ती जोपासतो. मुंबईच्या वल्ली उपाहारगृहांनी आणि खाणावळींनी सांभाळल्या आहेत, असे माझे मत झाले आहे.

इराण्याच्या हॉटेलात हे सर्वांत स्पष्ट दिसते. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळत, म्हणून इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. धोबीतलावचे ‘कयानी’ १९०४ सालचे आणि बॅलार्ड इस्टेटमधले ‘ब्रिटानिया’ १९२३ सालचे. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्यांतली बिस्किटे, ही सर्व मांडणी माणसाने निवांत बसावे म्हणून केलेली वाटते. आणि भिंतीवरच्या पाट्या मात्र त्याने लवकर उठावे म्हणून लावलेल्या असतात. फार वेळ बसू नये, केस विंचरू नये, उधार मागू नये. जिथे केस विंचरण्यास लेखी मनाई करावी लागली, तिथे कोणीतरी रोज नेमाने केस विंचरीत असले पाहिजे, हे उघड आहे.

अशाच एका हॉटेलात मी एक वयस्क गृहस्थ पाहतो. ते बनमस्का मागवतात. बन आला की वाढप्याकडून सुरीने सगळा मस्का काढवून बशीत ठेवून घेतात आणि तो गेल्यावर तोच मस्का स्वतःच्या हाताने, कडेपासून मध्यापर्यंत, पुन्हा बनला लावतात. बन तोच, मस्का तोच. तरीही वाढपी रोज गंभीर चेहऱ्याने मस्का काढून देतो. नवखेपणाच्या अधिकाराने मी त्याला विचारले, की मस्का वेगळाच का आणत नाहीस. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि सांगितले, ‘वेगळा आणला तर ते परत पाठवतात.’ गल्ल्यावरच्या शेठला यात काहीही वावगे वाटत नाही, कारण शेठ स्वतः सुटे पैसे देताना प्रत्येक नाणे उजेडात धरून पाहतो.

गल्ल्याच्या पलीकडच्या वल्लींचे उदाहरण द्यायचे तर ‘ब्रिटानिया’चे बोमन कोहिनूर यांचे द्यावे लागेल. २०१९ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले, तोवर ते टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांची चौकशी करीत आणि ब्रिटनच्या राणीवरची आपली भक्ती कोणतीही भीड न बाळगता बोलून दाखवीत. २०१६ साली राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले, तेव्हा त्यांना भेटण्याची त्यांची इच्छा पूर्णही झाली. इंग्रज जाऊन सात दशके होत आली असताना एवढी निष्ठा जपणारा माणूस दुसऱ्या एखाद्या शहरात वादाचा विषय झाला असता. इथे लोक त्याचे बोलणे ऐकत बेरी पुलाव खात राहिले, कारण पुलाव उत्तम होता. त्यातल्या आंबट बेरी इराणी असतात, हे मला नंतर कळले. पहिल्यांदा मी त्यांना डाळिंबाचे सुकलेले दाणे समजून आदराने बाजूला ठेवीत होतो.

उडुप्याकडे वल्लींना फारसा वाव नाही. वाढपी पदार्थांची यादी एका श्वासात म्हणतो आणि श्वास संपायच्या आत तुम्ही निर्णय दिला नाही, तर पलीकडच्या टेबलाकडे वळतो. वडापावच्या गाडीवरही तसेच. १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. स्थानकाबाहेरची जागा या पदार्थाला शोभते, कारण गाडी चुकू न देता तो उभ्याउभ्या संपतो. तरी तिथेही चटणी पावाला लावावी की वड्याला, यावर हुज्जत घालण्यासाठी एक गाडी सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत.

खरा चमत्कार डब्याचा आहे. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था वेळेच्या अचूकपणासाठी वाखाणली जाते. अचूकपणापेक्षा मला तिच्यामागचा हट्ट थक्क करतो. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात शेकडो ठिकाणी शिजलेले अन्न मिळत असताना एक माणूस सकाळी रिकाम्या हाताने घर सोडतो आणि त्याच्याच घरची भेंडीची भाजी, झाकणावरच्या खुणांच्या आधाराने, सायकलवरून आणि लोकलमधून त्याच्या मागोमाग निघते. दुपारी ती अचूक पोहोचते. मग तो डबा उघडतो, ‘आज पुन्हा भेंडी’ म्हणतो आणि शेजारच्याच्या डब्यातले कालवण खातो. शेजारी ती भेंडी खातो. दोघांनी घरी परस्परांच्या गृहिणींना निरोप दिला असता तर सर्वांचेच श्रम वाचले असते. परंतु ही सूचना मी आमच्या कार्यालयात मांडली, तेव्हा सर्वांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच त्यांच्यातली वल्ली.

खाणावळींचा इतिहास याहून गंभीर आहे. कापडगिरण्यांत काम करायला कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष बहुधा एकटे येत, बायकामुले गावीच राहत. गिरणगावातल्या स्त्रिया या लोकांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि सावकाराच्या जागी बँकेचे कर्ज मिळण्याची वाट त्यांना मोकळी करून दिली. १९८२च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या. महिन्याच्या बोलीवर जेवणारा एकटा माणूस मात्र टिकला. आता तो बँकेत किंवा संगणकाच्या कंपनीत असतो, आणि माझ्यासारखा परभणीचाही असतो.

मी जेवतो त्या खाणावळीत दोन जुने मेंबर आहेत. एकाला आमटी न ढवळता वरची पातळ लागते, दुसऱ्याला तळाची दाट. वाढणारा मुलगा त्यांची नावे विसरला असून त्यांना ‘वरचे’ आणि ‘खालचे’ म्हणतो. दोघे समोरासमोर बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. एकदा ‘वरचे’ आजारी पडले, त्या आठवड्यात ‘खालच्यां’नी आमटी पांचट लागते अशी तक्रार केली. आमटीत गूळ असतो, हे मला स्वतःला अजून पटलेले नाही. परंतु ते दुःख वेगळे.

‘इतके हट्ट कशाला पुरवता?’ असे मी मावशींना विचारले. त्या पोळी लाटताना मान वर न करता म्हणाल्या, ‘भाऊ, मिळेल ते खाणारा पुढच्या महिन्यात चार पैसे कमी घेणाऱ्याकडे जातो. हट्टी माणूस कुठं जाणार? त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल.’ हा हिशेब ऐकून मीही धीर केला आणि रोज भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा, तोही पाट्यावरच वाटलेला, अशी मागणी नोंदवली. मावशी हो म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या बिलात ‘ठेचा’ असा स्वतंत्र रकाना असतो आणि त्याखाली, वेगळ्या आकड्याने, ‘पाटा’.