ऐर्यन वएजा : दहा महिने हिवाळ्याची आद्यभूमी

(दृश्य : मध्यरात्र. दिव्याच्या उजेडात तोंडाला पांढरा पदान (मुखपट्टी) बांधलेले दोन मोबेद, म्हणजे पारशी पुरोहित. समोर उघडा ग्रंथ.)

मध्यरात्रीनंतर सुरू झालेला वंदिदादचा, म्हणजे पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या एका भागाचा, पाठ उजाडेपर्यंत चालतो. बाकीचे मंत्र मोबेदांना मुखोद्गत असतात; हा ग्रंथ मात्र समोर ठेवून वाचायची मुभा आहे. त्याच्या आरंभीच परमेश्वर अहुर मज्द प्रेषित जरथुष्ट्राला सांगतो : प्रत्येक मुलूख मी तिथल्या माणसांना प्रिय वाटेल असा केला, मग तिथे सुखाचं काही नसलं तरी. तसं केलं नसतं, तर सगळं जग ऐर्यन वएजाकडे लोटलं असतं.

ऐर्यन वएजा ही प्राचीन इराणी लोकांची आद्यभूमी. पुढच्या काळातल्या पहलवी भाषेतल्या ग्रंथांत तिचं नाव एरानवेज. अहुर मज्दने घडवलेल्या सोळा भूमींमध्ये हिचा मान पहिला. दाइत्या नावाची पवित्र नदी इथून वाहते. तिच्या काठी स्वतः अहुर मज्दने अनाहिता या जलदेवतेची आराधना केली, असं अवेस्तातलं आबान यश्त हे स्तोत्र सांगतं.

पण अंग्र मैन्यू, म्हणजे दुष्टतेची शक्ती, प्रत्येक भूमीच्या वाट्याला एकेक अरिष्ट पाठवते. या पहिल्या भूमीत तिने साप आणला आणि हिवाळा आणला. दहा महिने हिवाळा, दोन महिने उन्हाळा. आणि तेही दोन महिने पाण्याला, मातीला, झाडांना गारठवणारेच. गुरंढोरं हीच ज्यांची दौलत, त्या लोकांना याहून मोठं संकट ते कोणतं?

(दृश्य : बर्फाखाली गेलेलं कुरण. याकांचा कळप.)

याच भूमीत, दाइत्येच्या काठी, देवांची आणि माणसांची सभा भरते. माणसांच्या बाजूने येतो राजा यिम. विवंघ्वन्ताचा मुलगा; आपल्या वेदांतल्या वैवस्वत यमाचा हा इराणी भाऊबंद. अहुर मज्द त्याला सावध करतो : भयंकर हिवाळा येतो आहे. बर्फ वितळून पाणी लोटेल, तेव्हा मेंढराच्या पावलाचा ठसा कुठे दिसला तरी नवल वाटेल. तू एक ‘वर’ बांध, बंदिस्त आसरा. तो कसा बांधायचा हेही ग्रंथ सांगतो. माती टाचांनी तुडव, हातांनी मळ, कुंभार मळतो तशी. मोठ्या भागात नऊ रस्ते, मधल्यात सहा, लहानात तीन. माणसं, गुरं, कुत्री, पाखरं, झाडं यांचं उत्तमातलं उत्तम बीज जोडीजोडीने आत ने. धगधगता अग्नीही ने. आत राहणाऱ्यांना सूर्य, चंद्र, तारे वर्षातून एकदाच उगवताना दिसतात आणि अख्खं वर्ष एका दिवसासारखं वाटतं.

मला हा सगळा भाग विलक्षण जिवंत वाटतो. थंडीत गोठे राखलेल्या माणसांनीच तो रचला असणार.

ही भूमी नकाशावर कुठे? सासानी या इस्लामपूर्व इराणी राजघराण्याच्या काळातल्या धर्मपंडितांच्या परंपरेतून आलेला बुंदहिश्न हा पहलवी ग्रंथ तिला आजच्या इराणच्या वायव्येकडे, अझरबैजानच्या बाजूला ठेवतो. त्याच प्रदेशात तख्त-ए-सुलेमानला आदुर गुश्नस्प हा राजमान्य अग्नी होता. सत्ता पश्चिमेकडे होती, अग्नी तिथे होता. आद्यभूमीही तिकडे सरकली.

ती सगळ्यात लांब नेली ती पुण्याने. १९०३ साली लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ आला. दहा महिन्यांचा हिवाळा आणि दिवसासारखं भासणारं वर्ष, वंदिदादमधल्या या दोन खुणा धरून त्यांनी ऐर्यन वएजा थेट उत्तर ध्रुवापाशी नेली. वेद आणि अवेस्ता शेजारी ठेवून वाचण्याची त्यांची नजर फार मोठी होती. निष्कर्ष मात्र आज अभ्यासक स्वीकारत नाहीत, आणि मलाही तो पटत नाही, कारण यादीतले शेजारी तिकडचे नाहीत.

(दृश्य : नकाशा. एकेक नाव उजळत जातं.)

पहिल्या भूमीनंतर येतो सुग्ध, समरकंदच्या आसपासचा मुलूख. मग मर्व, बल्ख, हेरात. मग हरहवैती, कंदाहारजवळच्या अर्घंदाबचं खोरं. हेलमंद. पंधरावी भूमी हप्त हिंदू, आपलं सप्तसिंधू.

म्हणून अभ्यासक मध्य आशिया आणि अफगाणिस्तानाकडे वळतात. मार्क्वार्ट यांनी अमू दर्याच्या मुखाकडच्या ख्वारज्मचं नाव पुढे केलं. पण ख्वारज्म सखल. तिथला हिवाळा कडक असला तरी दहा महिन्यांचा नाही. न्योली हिंदुकुशाकडे, विट्झेल मध्य अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागाकडे बोट दाखवतात. काहींना पामीर जवळचं वाटतं. तिथलं मुरगाब हे गाव साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे आणि वर्षाचा बराचसा काळ गोठलेलं असतं.

इराणी सम्राट दर्युशने पर्सिपोलिस ही राजधानी उभारली तो पार्स प्रांत त्या सोळा नावांत कुठेच नाही. यादी रचणाऱ्यांचं जग बल्ख, हेरात, हेलमंदच्या भोवतीचं होतं. आद्यभूमी शोधायची तर तिथल्याच उंच, थंड खोऱ्यांत शोधावी लागेल.