अ‍ॅनाबर्गच्या पडक्या भिंती

नमस्कार मंडळी. आज ज्या भिंतींविषयी बोलायचं आहे, त्या कॅरिबियन समुद्रातल्या सेंट जॉन नावाच्या लहानशा बेटावर आहेत. तिथे अ‍ॅनाबर्ग नावाचा उसाचा मळा होता, त्या मळ्यावरच्या साखर कारखान्याच्या या भिंती. कारखाना म्हटलं की आपल्याला उंच धुराडं आणि उसाच्या गाड्यांची रांग आठवते. ते चित्र बाजूला ठेवा. एक गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा, पण दगडी बांधणीचं, वाऱ्यावर चालणारं. आणि तिथे राबणारं माणूस विकत आणलेलं, नाहीतर गुलामीतच जन्मलेलं.

बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. पवनचक्कीचा बुरूज १८१० ते १८३० च्या दरम्यान उभा राहिला. उंची सुमारे ३८ फूट, तळाशी व्यास ३४ फूट. वर शिडं फिरायची, आत चरकाचे तीन उभे रूळ. वारा पडला की शेजारच्या गोल ओट्यावर जनावरं जुंपून चरक चालवायचे. रस उताराने खाली उकळीघरात यायचा. तिथे काहिलींची ओळ, मोठीतून लहानीत रस ओतत जायचा, आणि चुलाणात चिपाडं. इथवर आपल्या गुळव्याला काहीच नवीन वाटणार नाही. पण ऊस तोडल्यावर रस आंबायच्या आत सगळं उरकायचं, म्हणून हंगामात रात्रीही चरक थांबत नसे. झोपेनं पेंगुळलेला हात उसाबरोबर रुळात गेला, तर तो तोडायला कॅरिबियनमधल्या चरकांपाशी कुऱ्हाड किंवा कोयता तयार ठेवलेला असे.

मी तिथे गेले तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हात बुरजाच्या भिंतीवर एक वळणावळणाची नक्षी दिसली. मला वाटलं कोणी कोरली आहे. हात लावून पाहिलं तर ते प्रवाळ होतं, मेंदूच्या वळ्यांसारखं दिसणारं. समुद्रातून काढलेलं ताजं प्रवाळ मऊ असतं, तेव्हा ते कापायचं. वाळलं की दगडासारखं घट्ट होतं. त्याच्या शेजारी पिवळसर, आपल्या विटेपेक्षा लहान विटा. या डेन्मार्कहून जहाजांच्या तळाशी भार म्हणून आल्या. साखर नेणारी जहाजं येताना विटा घेऊन यायची. आणि हे सगळं सांधणारा चुना शिंपले आणि प्रवाळ भाजून केलेला. प्रवाळ कापणारे, चुना भाजणारे, दगड रचणारे हात गुलामांचे. त्यांची नावं भिंतीवर नाहीत. त्यांचं काम तेवढं आहे, आणि म्हणून त्या चुन्याबद्दल मी इतकी हट्टी आहे.

भिंत ढासळायला लागली की सिमेंट ओतायचा मोह होतो. आपल्या किल्ल्यांवरही हे झालेलं तुम्ही पाहिलं असेल. चुन्यातून ओल आत येते तशी बाहेर जाते. दर्जा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, सिमेंटनं भरले की ती आत कोंडते, खाऱ्या हवेतलं मीठ विटेत आणि प्रवाळात साठतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि वीट भुगा होऊन गळते. सिमेंट मात्र तसंच ताठ उभं. म्हणून दर्जा चुन्यानंच भरायच्या, मूळ दगडापेक्षा मऊ ठेवायच्या. झिजायचंच असेल तर आपण भरलेलं झिजू दे. झाडांचंही तसंच. भिंतीत रुजलेलं रोप कोवळं असतानाच काढायचं. मूळ जाड झाल्यावर ओढलं तर दगड सोबत येतात, तेव्हा ते कापून जागेवरच मरू द्यावं लागतं.

कोणी विचारतं, पुन्हा शिडं लावून चक्की फिरवून का दाखवू नये? अँटिग्वा बेटावर बेटीज होप इथे एका चक्कीला तशी शिडं बसवली आहेत, आणि यंत्र समजायला त्याचा उपयोगही होतो. अ‍ॅनाबर्गला मात्र मी विरोध करीन. तिथे एका अंधाऱ्या लहान खोलीच्या भिंतीवर शिडांच्या जहाजांची चित्रं आहेत. एकदा सगळं पूर्वीसारखं करायचं ठरलं की तिथेही नवा गिलावा होणार, आणि तो झाला की ती गेली.

बुरूज दगडाचा, म्हणून टिकला. उतारावर गुलामांची वस्ती होती, ती कूड-मातीच्या झोपड्यांची. तिच्या खुणा जमिनीत आहेत, खांबांच्या खळग्यांच्या रूपात. पर्यटकाला तिथे नुसतं गवत दिसतं. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळानं हे बेट झोडपून काढलं. अशा वेळी पडलेली झाडं ओढून नेताना याच मातीवरून पहिलं यंत्र फिरतं. माझ्या मते जपणुकीचा पहिला पैसा त्या गवताखालच्या जमिनीवर खर्च व्हावा, बुरजावर नंतर.

बुरजापाशी उभं राहिलं की समोर, अरुंद खाडीपलीकडे, टोर्टोला बेट दिसतं. ते ब्रिटिशांचं. तिथे १८३४ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, इकडे ३ जुलै १८४८ ला. मधली चौदा वर्षं इथला माणूस ऊस तोडताना मान वर करायचा, तेव्हा ते बेट त्याला दिसायचं. कित्येक जण रात्री होड्यांतून तिकडे निसटले. त्या उतारावर मधे काही बांधू नये, झाडी वाढून ती दिशा झाकू देऊ नये, हेही माझ्या लेखी त्या भिंतींच्या दुरुस्तीतच येतं.