महाप्राण मोजताना

मंडळी, तळहात ओठांपासून चार बोटांवर धरा आणि म्हणा, ‘ताट’. आता म्हणा, ‘थाट’. दुसऱ्या वेळी हाताला वाऱ्याचा झोत लागला ना? आपल्या व्याकरणात पहिल्या त ला अल्पप्राण म्हणतात आणि थ ला महाप्राण. प्राण म्हणजे श्वास. हाताशी कुठलंही यंत्र नसताना जुन्या व्याकरणकारांनी हा फरक हेरला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हा झोत मोजण्यासाठी मार्टिन रोथेनबर्ग यांनी 1973 साली एक मास्क मांडला. त्याला कडेनं भोकं असतात, भोकांवर तारेची बारीक जाळी. हवा जाळीतून जाताना आतल्या-बाहेरच्या दाबात किंचित फरक पडतो आणि त्यावरून सेकंदाला किती हवा गेली ते कळतं. निरोगी माणसानं नेहमीच्या आवाजात ‘आ’ लांबवला, तर साधारण 100 ते 200 मिलिलिटर. पण नाकाच्या बाजूला बारीकशी फट राहिली तरी हवा तिथून निसटते आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून मास्क लावला की मी कडेवरून बोट फिरवून बघते. ही सवय विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

मास्क सांगतो बाहेर पडलेली हवा. ती येते कशी, हे बघायला छातीवर एक आणि पोटावर एक असे दोन लवचिक पट्टे बांधतात. स्वस्थ बसलेला माणूस श्वास घ्यायला आणि सोडायला जवळजवळ सारखाच वेळ देतो. तोच बोलू लागला की श्वास पटकन आत ओढतो आणि हळूहळू, पुरवून पुरवून सोडतो.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. बोलताना आपण हवा बाहेर ढकलतो, असं वाटतं. पण छाती गच्च भरलेली असताना फुप्फुसं आणि बरगड्या आपसूकच मिटू पाहतात. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. तो 30 सेंटीमीटरच्याही वर जातो आणि साध्या बोलण्याला पुरतात 5 ते 10. मग जास्तीचा दाब जातो कुठे? श्वास आत घेणारे स्नायूच तो धरून ठेवतात, उतारावर ब्रेक दाबून गाडी न्यावी तसे. छाती रिकामी होत आली, की मग ढकलणाऱ्या स्नायूंचं काम सुरू होतं. एडिंबरामध्ये ड्रेपर, लॅडफोगेड आणि व्हिटरिज या संशोधकांनी 1950च्या दशकात स्नायूंमधले विद्युतसंकेत टिपून हे दाखवलं. ‘दर अक्षराला छातीच्या स्नायूंचा एक झटका’ ही तोवरची मांडणी त्यामुळे डळमळली.

पार्किन्सनच्या रुग्णाचा आवाज क्षीण का झाला, हे शोधताना मला आधी निरोगी माणसाचा हा ब्रेक माहीत असावा लागतो. नाहीतर समोरच्या आलेखात बिघाड कुठला आणि वयोमान कुठलं, हे मी कशावरून ठरवणार?

आता तुमच्यापैकी कुणीतरी पुढे या. पट्टे इथे आहेत, वाचायचा उतारा टेबलावर आहे. एकच विनंती, मुद्दाम खोल श्वास घेऊ नका. घरी बोलता तसंच वाचा.